निळं दार, मंगळवार-शुक्रवार

बिश्केक, ३ एप्रिल २००४

आजी,

हे पत्र तुला ओमोर मास्तर वाचून दाखवतील. मास्तर, आधी तुमच्यासाठी दोन शब्द : गावात कुणाला सांगू नका, आणि आजीला वाचताना काही गाळू नका.

आजी, मी एकवीस दिवस दवाखान्यात होतो. आपल्या गावच्या गाडीवाल्या सागिनने तुला छातीत सर्दी भरल्याचं सांगितलं, ते मीच त्याला सांगायला लावलं होतं. सर्दी नव्हती. दारू होती. परवा बाहेर आलो. घरी कुणी नाही. आयझात मीरिमला घेऊन तलासला माहेरी गेली आहे. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे मीरिमचे बूट पुसले, तिच्या पायात घातले आणि म्हणाली, "जुलैअखेर मीरिमला सुट्टीत आजींच्या कुरणावर आणीन. तिथं तू कसा भेटतोस ते बघू." बस.

डॉक्टर म्हणाले, एकट्याने हे टिकत नाही. शहरात काही माणसं आहेत, स्वतः पिऊन पिऊन सोडलेली. आठवड्यातून दोनदा एकत्र बसतात, चहा पितात, बोलतात. त्यांना शोध. त्यांनी चिठ्ठीवर एका वाचनालयाचा पत्ता लिहून दिला. गेलो, तर तिथं आता खाटा-कपाटांचं दुकान. पहारेकऱ्याला विचारलं, "दारुडे कुठं बसतात?" तो म्हणाला, "भाऊ, कुठं बसत नाहीत ते विचार."

तीन दिवस हिंडतोय. दवाखान्यात परत विचारलं तर डॉक्टर रजेवर. त्या लोकांची पाटी नसते, नावं छापत नाहीत. संध्याकाळी सहा वाजले की माझे पाय आपोआप जुन्या रस्त्याला लागतात. मग मी ट्रॉलीबसमध्ये बसतो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत येतो.

एवढंच सांगायचं होतं.

तुझा कुबात

तेरेक-ताश, ९ एप्रिल

कुबात,

मास्तरने तुझं पत्र वाचलं. पहिल्या वेळी कागद लांब आणि आवाज आखूड निघाला. मी म्हटलं, मास्तर, मला अक्षर येत नाही, पण कागद केवढा आहे ते दिसतं. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, खाली मान घालून.

मी तुझ्या छातीच्या सर्दीसाठी मेंढीच्या शेपटाची चरबी पाठवली होती. चांगली वितळवून, गाळून. ती कुणी खाल्ली? सागिनने खाल्ली असेल तर तो यंदाच्या हिवाळ्यात शिंकता कामा नये.

आता कामाचं. तू शहरात जन्म काढलास, पण अक्कल इथंच विसरून गेलास. विचारलंस कुणाला, तर पहारेकऱ्याला. पहारेकरी दार सांभाळतो, दाराआड काय चालतं ते त्याला काय ठाऊक? फरशी पुसणारीला विचारायचं. माणसं दोनदा बसतात म्हणजे दोनदा पेले निघतात, आणि पेले निघतात म्हणजे ते धुणारं कुणीतरी असतं. पाटी नसू दे. पेले लपत नाहीत.

तुझ्या बापाच्या वेळी अशी माणसं असतात हे मला कुणी सांगितलं नाही. माझा जुमाश एकेचाळिसाव्या वर्षी गेला. आता कळलंय, तर मी गप्प बसेन असं वाटतं का तुला? तू ट्रॉलीबसमध्ये बस. मी शोधते.

मास्तरचं अक्षर आज वाकडंतिकडं असेल तर समजून घे. सकाळ आहे. दुपारनंतर त्याचा हात सरळ होतो. कशाने होतो ते तुला माहीत आहे आणि मलाही. (हे लिहीत नाही म्हणालो. ती म्हणते, लिही. - ओमोर)

तुझी आजी ऊलकान

तेरेक-ताश, १८ एप्रिल

कुबात,

सापडलं.

पाणी पी आणि बसून वाच. मी काल दुपारपासून एका जागी बसलेली नाही. मास्तर म्हणतो, हळू सांगा, दौत सांडेल.

असं झालं. सागिनच्या सासूला मी चहाला बोलावलं. ती म्हणाली तिला काही माहीत नाही. ज्याला काही माहीत नसतं तो तीन पेले चहा पितो. हिने सात प्यायले. सातव्याला म्हणाली, नारिनला तिची मामेबहीण आहे, तिचा नवरा गेल्या वर्षी एकदम शुद्धीवर आला, कसा ते कुणाला कळलं नाही. मी सागिनच्या गाडीत बसून नारिनला गेले. हो, मीच गेले. गुडघे घरी ठेवून येता येत नाहीत म्हणून तेही नेले. मामेबहीण दारातच म्हणाली, "आमच्या घरात कुणी पीत नव्हतंच." मी म्हटलं, "बाई, माझ्या घरात पितात, मला आत घे." मग रडली आणि बोलली.

बिश्केकमध्ये झूरा म्हणून बाई आहे. आपल्या शेजारच्या बुर्माच्या माहेरच्यांपैकी, तुझी लांबची मावशी लागते. ती जुन्या चपला-बूट दुरुस्तीच्या कारखान्यात फरशी पुसते. कारखान्याच्या उपाहारगृहामागे निळं दार आहे. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा. झूरा सांगते, एकोणीस-वीस माणसं येतात, रडतात, हसतात, आणि जाताना स्वतःचे पेले स्वतः धुतात. पुरुषसुद्धा. ती म्हणते, म्हणूनच तिला आधी संशय आला.

आणि एक. तिथं म्हणे नुसतं नाव सांगतात. कुणाचा, कुठला, काही विचारत नाहीत. असली कसली माणसं, मला काही कळलं नाही. पण तू जा. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, पाव घेऊन जा.

डॉक्टरला सांग, रजेवरून आलास की हा पत्ता लिहून घे.

आजी

बिश्केक, २४ एप्रिल

आजी,

दोनदा जाऊन आलो. मंगळवारी आणि काल.

मंगळवारी साडेपाचलाच निळ्या दाराशी पोचलो आणि पाऊल पुढे पडेना. पाव काखेत धरून कारखान्याला चार फेऱ्या मारल्या. मग एक बादली घेऊन आलेली बाई म्हणाली, "ऊलकानचा नातू ना तू? तुझ्या आजीने सांगितलंय, फेऱ्या मारेल, आत ढकल." आणि खरंच ढकललं. तीच झूरामावशी.

आत लांब मेज, त्यावर चहाचा समोवार. झोया नावाची एक जाडजूड बाई सगळ्यांना बोलायची पाळी देते. ट्रॉलीबस चालवते. मला बघून म्हणाली, "तू पाच नंबरचा. शेवटच्या थांब्याला न उतरणारा." गेले पंधरा दिवस मी तिच्याच गाडीत बसत होतो, आजी. मी जिला शोधत होतो तीच मला रोज फिरवून आणत होती.

आपल्याकडे मेजवानीत एकेकजण पेला धरून उभा राहतो आणि बोलतो ना, अगदी तसंच. फक्त पेल्यात चहा, आणि बोलणं खरं. कुणी मध्ये तोडत नाही.

माझी पाळी आली. नुसतं नाव सांगायचं हे तू लिहिलं होतंस, मी पाठही केलं होतं. उभा राहिलो, "माझं नाव कुबात," म्हटलं, आणि घाबरलो की काय होतं ते तुला माहीत आहे. तू लहानपणी घोटून घेतलेलं तोंडातून आपोआप निघालं. "जुमाशचा मुलगा, जुमाश तोलोगोनचा, तोलोगोन बैशेचा, बैशे कालचाचा..." झोया चमचा मेजावर वाजवते आहे आणि मी थांबत नाही. "कालचा मोल्दोकुलचा..." तेवढ्यात समोरच्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. म्हणाला, "थांब पोरा. तुझा सहावा मोल्दोकुल, तोच माझा पाचवा. मी तुझा काका लागतो."

आजी, सगळी खोली हसली. झोया म्हणाली, "शेर्गाझी, इथं फक्त नाव, हा नियम तुम्हीच केलाय." म्हातारा म्हणाला, "नियम बरोबरच आहे. पण किर्गिझ माणसाला नाव विचारलंस की एवढं येणारच. मध्ये अडवलं तर दम लागतो." मी पण हसलो. किती महिन्यांनी हसलो ते आठवत नाही. मग खाली बसून जे बोललो ते तुला पुन्हा कधी सांगेन. पण बोललो.

तेवीस दिवस झाले, बाहेर येऊन. काल पेला मीच धुतला.

कुबात

कुरणावरून, ४ जून

कुबात,

तुझी मेमधली तिन्ही पत्रं पोचली. शेर्गाझीकाकाने तुला कामाला लावलं, हे ऐकून मी सगळ्या शेजारणींना सांगितलं, का सांगतेय ते मात्र सांगितलं नाही. माझा नातू एका मंडळात आहे, एवढंच. त्यांना वाटतंय तू खासदार होणार.

आम्ही वर आलो. तंबू उभा राहिला, लोकरीचे नमदे घातले. पाचही घोड्या व्यायल्या, शिंगरं बांधली. चामड्याची पिशवी देवदाराच्या धुराने धुपवून घेतली, आणि काल घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा यंदाचा पहिला कुमिस उतरला. शेजारपाजार बोलावलं. दरवर्षी पहिली वाटी तुझी असते, तुला दात येण्याआधीपासून. या वर्षी ती कुणाला द्यायची ते माझा हात ठरवेना.

मग मला सुचलं. ज्या माणसांनी माझ्या नातवाला हसवलं, त्यांनी माझा कुमिस चाखला नाही तर मी कसली ऊलकान? सागिनबरोबर एक छोटी पिशवी भरून पाठवली आहे. मंगळवारी निळ्या दारामागे ने. वीस वाट्या सहज होतील. झोयाला पहिली दे. रशियन असली तरी तिला दुसरी मागावीशी वाटेल, बघ.

मास्तर आज लिहिताना सारखा थांबतोय.

आजी

बिश्केक, ९ जून

आजी,

हे लिहायला मला दोन दिवस लागले नाहीत, एकच लागला, पण तो फार लांब होता.

काल पिशवी मेजावर ठेवली. तुझा निरोप सांगितला. वीस माणसं पिशवीकडे बघताहेत आणि पिशवी श्वास घेतेय, तुला माहीत आहे ती कशी घेते. म्हातारीचा कुमिस नाकारायचा कसा, आणि प्यायचा कसा? एकजण म्हणाला, "हे दूध आहे." दुसरा म्हणाला, "दूध मला कधी गाणी म्हणायला लावत नाही." तिसरा म्हणाला, त्याच्या आईने त्याला कुमिसावर क्षयातून वाचवलं. अर्धा तास वाद झाला. आणि वाद रंगात आलेला असताना बूच उडालं. थेट छताला.

वास सगळ्या खोलीत पसरला. धूर, देवदार, घोडी, तू. आजी, माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच क्षणी हात पेल्याकडे गेला. झोयाने बघितलं. तिने एवढंच विचारलं, "कुबात, तू आयुष्यात कधी या पेयाची एक वाटी पिऊन थांबलायस?"

थांबलो नाही. तुला ठाऊक आहे. कुरणावर मी कधी एकीवर थांबलो नाही, आणि खाली उतरल्यावर जे शोधत गेलो ते याच चवीचं मोठं भावंड होतं.

दूध-दही असलं पांढरं जमिनीवर ओतायचं नसतं, म्हणून शेर्गाझीकाकाने पिशवी उचलून कारखान्यातल्या चांभारांना दिली. बैठक संपेपर्यंत भिंतीपलीकडून त्यांचं गाणं येत होतं. झोयासुद्धा हसली.

पण मी ठरवलंय. यंदा मी कुरणावर येणार नाही. तुझ्या तंबूत पिशवी टांगलेली असताना, दिवसभर रवीचा आवाज येत असताना, मी चहा घेऊन बसू शकणार नाही. आज एकोणसत्तर दिवस झाले. सत्तरावा मला हवा आहे. आयझातला काय कळवू ते सुचत नाही. ती मीरिमला घेऊन तिथंच येणार, आणि मी नसेन.

रागावू नकोस.

कुबात

कुरणावरून, २० जून

कुबात,

हे पत्र आजीने सांगितलेलं नाही. मी, ओमोर, आपणहून लिहितोय.

तुझं पत्र पूर्ण वाचून दाखवलं, एक शब्द गाळला नाही. ऐकून तिने चहाचा पेला पालथा घातला आणि बाहेर घोड्यांकडे गेली. तेव्हापासून पत्राविषयी बोलत नाही. कुमिस घुसळते, पण दोन दिवस झाले, कुणाला वाढत नाही. शेजारीण आली तर म्हणाली, "अजून आंबला नाही." त्या पिशवीतला कुमिस न आंबलेला मी चाळीस वर्षांत पाहिलेला नाही.

काल मला विचारत होती, "मास्तर, तुझी शाळा कशी सुटली?" मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे. म्हणाली, "माहीत आहे. तू सांग." मी सांगितलं. भूगोलाच्या तासाला नकाशासमोर पडलो होतो, मुलांसमोर. पहिल्यांदाच कुणाला तोंडाने सांगितलं. तिने चहा अर्धा पेला ओतला, पाहुण्याला ओततात तसा.

तुझी पत्रं मीच वाचतो, हे तुझ्या लक्षात असेल. निळ्या दारामागे बसायला काय लागतं, ते मला कळव. बिश्केक मला लांब आहे. उत्तर माझ्या नावाने पाठव.

ओमोर

बिश्केक, २७ जून

मास्तर,

काही लागत नाही. एक नाव लागतं आणि समोर एक माणूस. शेर्गाझीकाका म्हणाले, दोघे बसले की बैठक झाली. दिवस ठरवा, वेळ ठरवा, पेले स्वतः धुवा.

तुम्ही मला सगळ्या नद्या शिकवल्यात. मी तुम्हाला हे एवढंच शिकवू शकतो.

आजीला काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही.

कुबात

कुरणावरून, ६ जुलै

कुबात,

रागावले होते. आता लिही म्हटलंय तर मास्तर दौत घेऊन घोड्यापेक्षा जोरात धावत आला.

रागावले ते तुझ्यावर, असं मला पहिले चार दिवस वाटत होतं. पिशवी घुसळताना हात विचार करतो, डोकं नाही. घरात साप शिरला तर आपण काय करतो? मारत नाही. त्याच्या डोक्यावर पांढरं ओततो आणि दाराबाहेरची वाट दाखवतो. माझ्या हाताला पाचव्या दिवशी कळलं की मी उलटं केलं. मी पांढरं ओतून साप आत घेतला. जुमाशची वाटी रिकामी दिसली की मी भरायची. तो नको म्हणाला की मी म्हणायची, आईच्या हातचं नको म्हणतोस? मग तुझी भरली. रिकामी वाटी मला बघवत नाही, कुबात. एवढीच माझी खोड.

गेल्या मंगळवारी सहा वाजता मी आणि मास्तर तंबूत बसलो. त्याच्याकडे तुझी चिठ्ठी होती, म्हणाला, दोघांची चालते. मी म्हटलं, मग सुरू कर. तो उभा राहिला. "माझं नाव ओमोर," म्हणाला आणि पुढचं सगळं बोलला. मला इतकी वर्षं वाटत होतं मास्तरला फक्त नद्या आणि डोंगर बोलता येतात.

मग माझी पाळी. मी काय बोलणार, मी थेंबही जास्त घेत नाही. तरी उभी राहिले. गुडघ्यांनी तक्रार केली. म्हटलं, "माझं नाव ऊलकान. मी प्यायलेली नाही. मी पाजलंय."

मास्तर म्हणतो, हे पत्रात घालू का? मी म्हटलं, घाल. आणि पेले कुणी धुतले तेही घाल. त्याने धुतले.

आता नीट ऐक. पाचही घोड्या मी ओढ्यापलीकडे बुर्माच्या तंबूकडे पाठवल्या आहेत. पिशवी आणि रवीसुद्धा. बुर्मा हरखली, आणि गावभर सांगत सुटली की ऊलकान म्हातारी झाली. सांगू दे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्या तंबूत रवीचा आवाज नाही. मला झोपेतून दोनदा जाग येते, कुणीतरी बोलायचं थांबलंय असं वाटून. होईल सवय.

बाकी गाईंचं दूध आहे, साय आहे, लोणी आहे, सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या आहेत. मीरिमला साय आवडते. तुला चहा मिळेल. अर्धा पेला.

ये.

आजी

बिश्केक, १७ जुलै

आजी,

तुझं पत्र मी शुक्रवारी मेजाशी वाचलं. मध्येच मला वाचता येईना, मग झोयाने वाचलं. "मी पाजलंय" हे तिने वाचलं आणि चष्मा पुसत बसली. दारापाशी झूरामावशी बादली घेऊन उभी होती. तिने बादली खाली ठेवली, आत आली आणि म्हणाली, "माझं नाव झूरा. मीपण." पुढच्या मंगळवारपासून तिला मेजाशी खुर्ची आहे.

आयझातला मी सगळं कळवलं. काही लपवलं नाही, बूच उडाल्याचंसुद्धा. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं : "तीस तारखेला, शुक्रवारी, आम्ही नारिनला उतरू. आजींना सांग, माझ्यासाठीही पेला ठेवा."

एकशे सात दिवस. मी सागिनच्या गाडीने येतो. मला भीती वाटतेय, आणि मला कधी एकदा तीस तारीख येते असं झालंय.

कुबात

कुरणावरून, २३ जुलै

कुबात,

घाई होतेय, सागिन गाडी सुरू करून उभा आहे, म्हणून थोडक्यात.

तीस तारीख शुक्रवार आहे हे मास्तरने पंचवीस वेळा सांगितलं. बैठक सहाला. नारिनहून निघताना उशीर करू नका, घाटात मेंढ्या असतात. सागिनला सांग, वाटेत कुठं थांबायचं नाही, तो थांबला तर मी शेपटाची चरबी परत मागेन.

बसायला आता पाच नमदे लागतात. पलीकडच्या दरीतले दोन मेंढपाळ येतात, आणि बुर्मा. बुर्मा नुसती ऐकते आणि परत जाताना पिशवीच्या रिकाम्या जागेकडे बघत जाते. मी तिला काही विचारत नाही. ती स्वतः सांगेल तेव्हा अर्धा पेला ओतेन.

तंबूचं लाकडी दार मी निळं रंगवून घेतलं. रंग बुर्माच्या नवऱ्याच्या ट्रॅक्टरचा उरला होता. लांबून दिसेल, त्या खुणेने या.

नियम सगळ्यांना सारखे. दारात आलास की नुसतं नाव सांग. मी आजी म्हणून पुढे येणार नाही, कुणाचा, कुठला विचारणार नाही, ऊलकान म्हणून बसलेली असेन. मीरिम लहान आहे, तिला वाटेतच समजावून ठेव, नाहीतर ती माझ्या गळ्यात पडेल आणि माझ्याकडून नियम मोडला जाईल. आयझातला समजावू नकोस. तिने मोडला तर चालेल.

हे पत्र मास्तरने सकाळी लिहिलं आहे, न्याहारीच्या आधी. तो म्हणतो, हे लिहायची काही गरज नाही. मी म्हटलं, लिही. तू अक्षर बघ, कुबात. मला येत नाही, पण तू बघ.

ऊलकान